हकीम अजमल खान

खोकला झाल्यावर तुम्ही अडुळशाचा काढा घेतला असेल. या पानांत असे काय आहे की त्यामुळे खोकला थांबतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का? दिल्लीतील एका थोर हकिमांना असेच प्रश्न पडत. त्यांचे नाव हकीम अजमल खान.

अजमल खान यांचा जन्म १८६८ मध्ये दिल्लीत झाला. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हकिमीचा व्यवसाय चालत आला होता. लहानपणी त्यांनी कुरआन मुखोद्गत केले, अरबी व फारसी भाषा शिकल्या आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून युनानी वैद्यकाचे धडे घेतले. ‘शैदा’ या तखल्लुसाने ते शायरीही करत. पुढे ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. दूरदूरचे रुग्ण त्यांच्याकडे येत. गरिबांवर ते मोफत उपचार करत.

त्या काळी सरकारदरबारी पाश्चात्त्य वैद्यकालाच मान होता. हकीम आणि वैद्य यांना कोणी विचारत नसे. अजमल खान यांनी या दोघांना एकत्र आणले. परंतु आपले ते सारेच उत्तम, असे त्यांनी कधी मानले नाही. १९११ मध्ये ते युरोपला गेले व तेथील रुग्णालये त्यांनी पाहिली. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात काम करणारे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी त्यांची तेथेच ओळख झाली. पुढे दोघेही स्वातंत्र्यचळवळीत एकत्र आले.

दिल्लीत आयुर्वेद व युनानी यांचे शिक्षण एकाच छताखाली देणारे तिब्बिया कॉलेज त्यांनी उभारले. १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आपल्या हिंदुस्थानी दवाखान्याचे उत्पन्न त्यांनी या कॉलेजला दिले. १९२० मध्ये त्यांनी सरकारने दिलेला किताब परत केला. १९२१ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपतीही तेच होते.

एवढ्या कामांतही एक विचार त्यांच्या मनातून गेला नाही. जुन्या ग्रंथांतील वनस्पती प्रयोगशाळेत तपासल्या पाहिजेत, असे त्यांना वाटे. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले तरुण संशोधक सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांच्याकडून त्यांना हे काम करून घ्यायचे होते. पण डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले. कामाचे फळ त्यांना पाहता आले नाही.

सिद्दीकी मात्र थांबले नाहीत. त्यांनी सर्पगंधा ही वनस्पती निवडली. हकीम तिला असरोल म्हणतात. तिची मुळी वेडाच्या आजारावर देत असत. १९३१ मध्ये सिद्दीकींनी त्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक धोकादायक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही अजमलीन वापरतात.

सर्पगंधेची गोष्ट येथेच संपत नाही. उच्च रक्तदाब हा वर्षानुवर्षे सोबत राहणारा आजार आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अशा रुग्णांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. त्यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले. ते रक्तदाबावरील औषध ठरले. पण त्याने काही रुग्णांचे मन अतिशय उदास होते, हेही पुढे लक्षात आले.

मित्रांनो, यातून तुम्ही काय घ्याल? झाडपाला आहे म्हणून तो निर्धोक, असे समजू नका. जुना आहे म्हणून तो टाकाऊ, असेही म्हणू नका. वाडवडिलांचे ज्ञान आदराने घ्यावे आणि पारखून वापरावे. हकीम अजमल खान यांनी हीच वाट दाखवली. त्या वाटेवर ते स्वतः फार दूर जाऊ शकले नाहीत, पण त्यांचे नाव एका औषधाच्या रूपाने पुढे गेले.