फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (जन्म : ६ एप्रिल १८१०, वूस्टर, मृत्यू : २३ ऑगस्ट १८८८, टॉर्की) हे इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञ, चित्रकार व विज्ञानलेखक होते. समुद्रातील सजीव काचेच्या टाकीत पाळण्याचा छंद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या घरोघरी पोहोचला, तो मुख्यत्वे त्यांच्या लेखनामुळे. 'ॲक्वेरियम' हा शब्दही आजच्या अर्थाने त्यांनीच लोकप्रिय केला. प्रवाळ पाळणाऱ्यांना आज हैराण करणाऱ्या 'एप्टेशिया' या समुद्रपुष्पाला ज्या प्रजातीचे नाव मिळाले, तिचे संस्थापकही तेच होत.

पूर्वायुष्य

गॉस यांचे वडील गावोगाव फिरून लघुचित्रे काढत. फिलिप यांचे बालपण पूल या बंदरात गेले. १८२७ मध्ये ते न्यूफाउंडलंडमधील कार्बनियर येथे एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून रुजू झाले. तेथे १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि कीटकांच्या अभ्यासाची गोडी लागली. पुढे कॅनडात केलेली शेती फसली. १८३८ मध्ये अलाबामात काही महिने शिक्षकी करून ते मायदेशी परतले. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी जमैकातील पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र एडमंड गॉस पुढे समीक्षक म्हणून प्रसिद्धीस आले.

जलजीवालय

१८५२ मध्ये प्रकृतीच्या कारणाने गॉस डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांमधून ते समुद्रपुष्पे, खेकडे व शैवले गोळा करीत. शैवलांपासून प्राण्यांना प्राणवायू मिळतो. दोहोंचा तोल साधल्यास टाकीतील पाणी वारंवार बदलावे लागत नाही, हे तत्त्व त्यांनी समुद्री टाकीत वापरले. रॉबर्ट वॉरिंग्टन यांचेही याच सुमारास असे प्रयोग चालू होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले, तेव्हा गॉस यांनी त्याला सजीव पुरवले. १८५४ मध्ये त्यांचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही त्यांनी दिली.

समुद्रपुष्पांचा अभ्यास

१८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढचे वर्ष मात्र दुःखाचे गेले. कर्करोगाने एमिली यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'ओम्फॅलोस' या ग्रंथात बायबलमधील सृष्टिकथा व भूविज्ञान यांचा मेळ घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तो शास्त्रज्ञांना पटला नाही आणि धार्मिकांनाही रुचला नाही. यानंतर टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्च येथे स्थायिक होऊन त्यांनी ब्रिटिश समुद्रपुष्पांवरील 'ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका' (१८५८–६०) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील रंगीत चित्रे त्यांच्याच चित्रांवरून छापली आहेत. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या, तुतारीच्या आकाराच्या समुद्रपुष्पासाठी त्यांनी १८५८ मध्ये 'एप्टेशिया' ही प्रजाती स्थापन केली.

किनाऱ्यांची हानी

गॉस यांची पुस्तके वाचून हौशी संग्राहकांची डेव्हनच्या किनाऱ्यावर रीघ लागली. अनेक डबकी अल्पावधीत ओस पडली. आपल्याच लेखनामुळे हे घडले, याचे गॉस यांना फार दुःख झाले, असे एडमंड यांनी 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मकथनात नोंदवले आहे.

अखेरचा काळ

१८६० मध्ये त्यांनी एलिझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. उत्तरायुष्यात ते ऑर्किड व रोटिफर या सूक्ष्म जीवांच्या अभ्यासात रमले. सी. टी. हडसन यांच्या रोटिफरांवरील ग्रंथात (१८८६) त्यांचे साहाय्य होते.

एप्टेशिया आणि आजची मत्स्यालये

उष्ण प्रदेशातील प्रवाळ-मत्स्यालयांत उपद्रव करणारी जाती दीर्घकाळ एप्टेशिया प्रजातीत गणली जात होती. २०१४ मध्ये तिच्यासाठी 'एक्सएप्टेशिया' ही वेगळी प्रजाती करण्यात आली. तथापि छंदिष्टांच्या बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे. खडकांबरोबर टाकीत शिरलेले हे समुद्रपुष्प दंशकोशिकांनी शेजारच्या प्रवाळांना इजा करते. त्याच्या तळाचा लहानसा तुकडा खडकावर राहिला, तरी त्यापासून नवा जीव वाढतो. त्यामुळे ते खरवडून किंवा कापून काढल्यास संख्या उलट वाढण्याचा धोका असतो.

मोजकी समुद्रपुष्पे असल्यास सुईने त्यांच्या मुखात उकळते पाणी किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा दाट लगदा सोडतात. लगदा तीव्र अल्कधर्मी असल्याने तो एका वेळी थोडाच वापरावा लागतो. प्रादुर्भाव अधिक असल्यास पेपरमिंट कोळंबी किंवा बर्गिया ही समुद्री गोगलगाय सोडतात. बर्गिया केवळ याच समुद्रपुष्पांवर जगते; ती संपली की तीही उपाशी मरते. कॉपरबँड फुलपाखरू मासाही त्यांना खातो, परंतु तो टाकीत जगवणे कठीण असते. नवा खडक टाकीत ठेवण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवून तपासणे हा सर्वांत सोपा उपाय होय.