नाक कसं शिंकरायचं हे शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई : मारिया मॉन्टेसरी

प्रत्येक गावात, प्रत्येक कॉलनीत एखाद्या बंगल्यावर पाटी असते, अमुकतमुक मॉन्टेसरी. ॲडमिशन घेताना बऱ्याच आईबापांना वाटतं की हा शाळेचा एखादा प्रकार असावा. प्रत्यक्षात ते एका इटालियन बाईंचं आडनाव आहे.

आणि या बाईंच्या पहिल्या शाळेची सुरुवात ए-बी-सी-डीने झाली नव्हती. ती झाली हात धुण्यापासून, बटणं लावण्यापासून आणि टेबल पुसण्यापासून.

मारियाचा जन्म 31 ऑगस्ट 1870 चा, इटलीतल्या कियाराव्हाले गावातला. वडील सरकारी नोकरीत. पुढे घर रोमला आलं. पोरीच्या डोक्यात आधी इंजिनियर व्हायचं होतं, मग डॉक्टर. तेव्हा इटलीत बाईने डॉक्टर होणं म्हणजे नवलच. मुलांच्या वर्गात बाईने उघड्या प्रेताकडे बघायचं नाही, म्हणून शवविच्छेदन तिला सगळे घरी गेल्यावर एकटीने करावं लागायचं. तरी 1896 मध्ये ती डॉक्टर झालीच.

पुढे रोमच्या मनोरुग्णालयांत काम करताना डॉक्टर मारियांना तिथे डांबलेली मतिमंद मुलं दिसली. जेवण झालं की ही मुलं जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचत बसायची. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटायचा. मारियांच्या लक्षात वेगळंच आलं. त्या रिकाम्या खोलीत मुलांना हातात धरायला दुसरं काही नव्हतंच. मुलाची बुद्धी त्याच्या हातातून वाढते, हा त्यांचा पुढचा सगळा विचार इथून सुरू झाला.

याच काळात त्यांच्या आयुष्यात ती गोष्ट घडली, जी त्यांनी पुढे कित्येक वर्षं जगापासून लपवून ठेवली.

सोबत काम करणाऱ्या डॉक्टर ज्युझेप्पे मोंतेसानो यांच्यापासून त्यांना 1898 मध्ये मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं. हे बाहेर कळलं असतं तर डॉक्टरकी, नाव, सगळं संपलं असतं. मारिओ नावाचं ते बाळ खेड्यात एका दाईकडे वाढायला दिलं गेलं. मोंतेसानोंनी पुढे दुसरीशी लग्न केलं. मारिया अधूनमधून मुलाला भेटायला जायच्या, पण आपण कोण हे न सांगता.

जगभरच्या मुलांचं बालपण समजून घेणाऱ्या बाईंना स्वतःच्या मुलाचं बालपण असं लांबून बघावं लागलं. त्याला पहिल्यांदा बटण लावायला कुणी शिकवलं असेल, देव जाणे.

आता 1907 कडे येऊ. रोममध्ये सान लोरेंझो नावाची गरिबांची वस्ती. एका बांधकाम कंपनीने तिथल्या चाळीसारख्या इमारती दुरुस्त केल्या. पण आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली बारकी पोरं जिने आणि भिंती घाण करायची. पुन्हापुन्हा रंग देण्यापेक्षा पोरांना एका खोलीत बसवणं स्वस्त, असा कंपनीचा सरळ हिशोब होता. ते काम मारियांकडे आलं. 6 जानेवारीला पन्नासेक मुलांची 'कासा देई बाम्बिनी' म्हणजे मुलांचं घर सुरू झालं. ज्या पद्धतीसाठी आज लोक मोठमोठ्या फिया भरतात, ती भिंतींचा रंग वाचवायच्या नादात जन्माला आली.

मारियांनी आधी बाकं काढली. लहान मुलाला उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या बनवून घेतल्या. मूल चुकलं तर खुर्ची पडते आणि आवाज होतो, म्हणजे चूक त्याला आपोआप कळते, ओरडावं लागत नाही. काचेचे ग्लास आणि चिनीमातीच्या बश्याही खऱ्याच ठेवल्या. काच फुटते हे प्लॅस्टिकच्या ग्लासाने कसं कळणार?

एकदा शिक्षिकेला यायला उशीर झाला. येऊन बघते तर मुलांनी कपाटातून आपापलं साहित्य काढून काम सुरू केलेलं. दुसरा कुणी असता तर कपाटाला मोठं कुलूप लागलं असतं. मारियांनी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आणली.

बटणांसाठी त्यांनी लाकडी चौकटी केल्या. चौकटीला दोन कापडं, मधे बटणं. दुसऱ्या चौकटीला हूक, तिसरीला नाडी. अंगावरचं बटण लावताना मुलाला ते नीट दिसत नाही आणि वर शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत असते, मग आईच पटकन लावून देते. चौकट टेबलावर असते. मूल ते बटण वीस वेळा लावतं, वीस वेळा काढतं. मोठ्यांनी एकदा सावकाश, फार न बोलता करून दाखवायचं आणि मग हात मागे घ्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण घरी करून बघा, तो हात मागे घेणंच सगळ्यात अवघड जातं.

मग तो नाकाचा धडा. एक दिवस मारियांनी मुलांना रुमालाने नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं साफ करायचं. मुलं हसतील असं त्यांना वाटलं होतं. एकही हसलं नाही. धडा संपला आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मारियांनी त्याचा अर्थ असा लावला, की शेंबडा म्हणून या मुलांना सगळ्यांनी हिणवलं होतं, पण कसं करायचं हे कुणी कधी शांतपणे दाखवलंच नव्हतं.

काही काळातच त्यांच्या शाळांमधली चार-चार वर्षांची मुलं गरम सूपचं भांडं घेऊन टेबलाटेबलाशी वाढायला लागली. मुलं लिहायलाही आपणहून लागली, आणि जगाने डोक्यावर घेतलं ते या लिहिण्याला. आपल्याकडेही तेच झालं. पाटी मॉन्टेसरीची, आत मात्र तीन वर्षांच्या पोराला गृहपाठ.

1912 च्या अखेरीस मारियांची आई वारली. त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. पण जगाला ओळख भाचा म्हणून, नाहीतर दत्तक म्हणून. पुढे मुसोलिनीने आधी या शाळांना पाठबळ दिलं, मग दोघांचं बिनसलं आणि 1934 मध्ये मारियांनी इटली सोडली.

1939 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून त्या मारिओला घेऊन मद्रासला अड्यारला आल्या. वय 69. शिक्षकांसाठी काही महिन्यांचा वर्ग घ्यायचा, एवढाच बेत होता. पण जून 1940 मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली आणि मायलेक एका दिवसात शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियांना अड्यारमध्येच राहायला सांगितलं आणि मारिओला उचलून थेट आपल्या अहमदनगरच्या छावणीत टाकलं.

31 ऑगस्ट 1940. मारियांचा सत्तरावा वाढदिवस. व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाला सोडत असल्याचं तिच्यात कळवलं होतं. भाचा नाही, दत्तक नाही, मुलगा. जे नातं मारियांना उघडपणे सांगता आलं नव्हतं, ते सरकारी तारेने चारचौघांत सांगून टाकलं.

युद्ध संपेपर्यंत दोघं भारतातच राहिले. कोडाईकनालला काढलेल्या दिवसांत त्यांनी मोठ्या मुलांच्या शिक्षणावरही काम केलं.

आपल्याकडे हा विचार त्याआधीच पोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेकांनी आणि ताराबाई मोडकांनी तो रुजवला. अडचण एकच, मॉन्टेसरीचं साहित्य महाग. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम उभं केलं तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य झालं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तिथे आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हाही अभ्यासच होता. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंनीच दिला.

मारिया 1946 मध्ये युरोपला परतल्या, मग पुन्हा एकदा भारतात येऊन गेल्या. 6 मे 1952 रोजी हॉलंडमधल्या नूर्डवाइक गावी त्यांचं निधन झालं. त्यांचं काम पुढची तीस वर्षं, 1982 मध्ये स्वतः जाईपर्यंत, मारिओने सांभाळलं.