चंद्राचा माग काढणारी घड्याळे

न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची धनिकांची वसाहत आहे. १९२६ मध्ये तेथील एक प्रशस्त वाडा विकत घेऊन आल्फ्रेड ली लूमिस (१८८७–१९७५) यांनी त्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. लूमिस शिक्षणाने वकील, व्यवसायाने बँकर. पहिल्या महायुद्धात ॲबर्डीनच्या तोफचाचणी केंद्रावर भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि विज्ञानाचा छंद जडला तो कायमचा. वीज कंपन्यांना भांडवल उभारून देऊन त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि १९२९ च्या पडझडीआधीच तो बाजारातून काढूनही घेतला.

काळाचे अचूक मापन हे त्यांचे खास वेड. तेव्हाचे सर्वांत अचूक मानले जाणारे शॉर्ट घड्याळ वेधशाळांतच आढळे. त्याचा लंबक जवळजवळ निर्वात नळकांड्यात झुले. वर्षाकाठी फरक पडे तो सुमारे एका सेकंदाचा. लूमिस यांनी अशी तीन घड्याळे खडकावर पक्की बसवली. तीनच का? एकच घड्याळ असेल तर त्याची चूक कळत नाही. दोन असतील तर कोणते चुकले ते कळत नाही. तिसरे आले की निवाडा होतो.

पण तिन्ही एकदमच चुकली तर? त्यासाठी लूमिस यांनी बेल प्रयोगशाळेतील क्वार्ट्‌झ स्फटिकाची स्पंदने टेलिफोनच्या तारेवरून घरी आणली आणि घड्याळांशी ताडून पाहिली. लंबक गुरुत्वाकर्षणावर झुलतो. स्फटिकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. चंद्राच्या ओढीने पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणात किंचित बदल होतो. तो तिन्ही लंबकांना सारखाच भोवत असल्याने त्यांच्या आपसांतील तुलनेत कधीच दिसला नसता. स्फटिकाशी तुलना करताच तो उघड झाला. फरक केवढा, तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास! ब्राउन आणि ब्राउवर या खगोलशास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले आणि १९३१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. एका हौशी माणसाच्या घरातील नोंदींना मिळालेला हा मान लहान नव्हता.

१९४० मध्ये युद्धाची चाहूल लागताच त्यांनी ही प्रयोगशाळा बंद केली आणि रडार संशोधनाला वाहून घेतले. दोन केंद्रांचे रेडिओ संकेत किती अंतराने पोहोचतात यावरून जहाजाला आपला ठावठिकाणा काढता यावा, ही ‘लोरान’ पद्धतीची कल्पना त्यांचीच. अटलांटिकवरील काळोख्या रात्री नावाड्यांच्या कामी आली ती सेकंदाच्या दशलक्षांशाची मोजदाद.