सुईदोऱ्याला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कापडाची आणि तयार कपड्यांची दुकाने ओळीने उभी आहेत. याच रस्त्यावरील एका चौकाला सेवासदनचे नाव आहे. खणापासून लोकरी स्वेटरपर्यंत सारे काही विकत घेऊन तेथून जाणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते, की बायकांच्या हातातील सुईदोऱ्याला घराबाहेर मोल मिळावे म्हणून ज्या संस्थेने धडपड केली, तिचेच हे नाव. त्या संस्थेच्या प्राण होत्या रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी सातारा-सांगलीकडील देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला अक्षरओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वर एकतीस वर्षांचे, विद्वान, पुण्यात न्यायाधीश आणि नुकतेच विधुर झालेले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याबद्दल टीकाही सोसली. या तडजोडीची भरपाई म्हणूनच की काय, त्यांनी पत्नीच्या शिक्षणाला लग्नानंतर लगेच हात घातला.

हे शिक्षण सोपे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेच्या हातातील पुस्तक खपत नव्हते. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या ख्रिस्ती बाईंजवळ बसले की स्नान करूनच घरात वावरावे लागे. दिवसा टोमणे आणि रात्री अभ्यास, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणीच वाट्याला आली. तरीही 1884 मध्ये हुजूरपागेची शाळा सुरू झाली, आणि रमाबाईंचे सार्वजनिक जीवनही त्याच सुमारास आकाराला आले.

त्या काळी शिवण ही घरातीलच गोष्ट होती. खणाची चोळी बेतणे, लहान मुलांची अंगडी-टोपडी शिवणे, फाटक्याला ठिगळ लावणे हे काम बायका दुपारच्या फावल्या वेळात करीत. चोळीला मोजपट्टी फारशी लागत नसे. जुनी उसवून किंवा तिच्यावरून अंदाज घेऊन नवी बेतली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुशिक्षित घरांत उंच गळ्याचे, लांब बाह्यांचे पोलके येऊ लागले, तेव्हा मात्र नजरेचा अंदाज पुरेनासा झाला. गळा, खांदा, मुंढा, छाती, बाही यांची मापे घ्यावीत, कागदावर आकृती काढून ती कापावी, तो कागद कापडाच्या उभ्या धाग्यावर नीट ठेवून खडूने आखावे, शिलाईसाठी जागा सोडावी आणि मगच कात्री चालवावी, हे शास्त्र शिकावे लागते. लोकरीच्या विणकामाचे गणित आणखी निराळे. सुयांवर विणलेले वस्त्र अंगाबरोबर ताणते. म्हणून ते बेताचे घट्ट ठेवले तरी चालते, मात्र उंच गळा डोक्यातून उतरेल इतकी सैल वीण राखावी लागते. अंगासरशी बसणारा कपडा हा असा हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब आला की तो शिकवणारा वर्गही हवा.

1893 मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस हलले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लबच्या कामात पुढाकार घेतला आणि स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान यांबरोबर शिवण व हस्तकलेचे वर्गही चालवले. लिहिणे-वाचणे आणि बेतणे-शिवणे एकाच छपराखाली आले.

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्याच नाहीत. विधवेचे जिणे त्यांनी आता आतून पाहिले. त्यांना घर होते, नाव होते, पाठीशी माणसे होती. ज्यांच्याजवळ यातले काहीच नव्हते अशा कितीतरी तरुण स्त्रिया दिराच्या नाहीतर भावाच्या घरी पोटापुरत्या अन्नावर राबत होत्या. त्यांना सहानुभूतीपेक्षा चार पैशांची अधिक गरज होती.

2 ऑक्टोबर 1909 रोजी रानड्यांच्या वाड्यात पुणे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे खंबीर सहकारी. वर्गांत अक्षरओळख होती, प्रथमोपचार होते आणि शिवण, भरतकाम, विणकामही होते. शिवणाचे महत्त्व येथे नीट कळते. शिक्षिका व्हायचे तर वर्षे लागत. परिचारिका व्हायचे तर रुग्णालयात परक्या रोग्यांना स्पर्श करावा लागे, आणि त्या काळच्या पांढरपेशा पुण्याला ते असह्य होते. सुई मात्र घरातलीच. ती शिकायला मुलगी बाहेर पडली तर विरोधाची धार थोडी बोथट होई. तरीही मोबदला घेऊन शिवणे म्हणजे मजुरी आणि ते शिंप्याचे काम, हा समज होताच. संस्थेने शिवण रीतसर शिकवून आणि तयार वस्तूंच्या विक्रीची व्यवस्था करून या समजाला उत्तर दिले. सुईच्या निमित्ताने उंबरा ओलांडलेल्या स्त्रीला पुढे पाटी-पुस्तकाकडे वळवणे तुलनेने सोपे होते. ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे निघाली, अध्यापिका घडू लागल्या.

1910 मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी पुण्यात चळवळ उभारली. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. 2012 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेमुळे नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. त्या मालिकेमुळे बहुतेकांच्या स्मरणात राहिली ती नऊवारीतली, पाटीवर अक्षरे गिरवणारी लहानगी रमा.

त्या पाटीशेजारी मोजपट्टी आणि कात्रीही ठेवायला हवी. रमाबाईंना अक्षरे पतीने दिली; ज्यांना असा पती लाभला नाही, किंवा लाभून गेला, त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच्या कमाईचा मार्ग शोधला. आजही पुण्याच्या पेठांतून घरगुती शिवणवर्गांच्या पाट्या दिसतात. तेथे कागदावर पहिली आकृती काढणाऱ्या मुलीला रमाबाईंचे नाव कदाचित ठाऊक नसेल. पण शिवणाचे पैसे हातात घेताना तिला संकोच वाटत नाही, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.