पंडिता रमाबाईंची पृथ्वीप्रदक्षिणा

शिरूरकडील आमच्या बंधुभगिनींपैकी पुष्कळांनी केडगाव पाहिले आहे. न्हावऱ्याच्या वाटेने निघावे, पारगावापाशी भीमा ओलांडावी, चौफुल्यास यावे, की केडगाव आलेच. दौंडच्या मंडळीस तर तेवढीही यातायात नाही. पुण्याच्या गाडीत बसले की पाटस मागे पडते आणि थोड्याच वेळात केडगावचे स्टेशन येते. वाट इतकी जवळची, म्हणूनच तेथे मुक्तिमिशन उभारणारी बाई केवढ्या दूरच्या वाटेने तेथे पोहोचली होती याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. पंडिता रमाबाईंचे विद्वत्तेचे व परोपकाराचे चरित्र वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. या खेपेस आम्ही त्यांच्या वाटांविषयीच लिहावे असे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली एप्रिल महिन्यात, सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले. स्त्रीने देववाणी शिकावी हे स्वजातीयांस रुचले नाही, म्हणून शास्त्रीबोवांनी अरण्यात घर केले होते. पुढे तेही घर मोडले. रमाबाई तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका हमालाच्या डोक्यावरून त्यांस डोंगराखाली उतरविले. त्यांच्या आयुष्यातील हे पहिले वाहन. त्यानंतर पुष्कळ वर्षे त्यांस पायांवाचून दुसरे वाहन फारसे मिळाले नाही. आईबाप, भावंडे सर्वच या क्षेत्राहून त्या क्षेत्रास जात, पुराणे सांगत आणि मिळेल त्यावर राहत. वाटेने चालता चालता आईने मुलीस संस्कृत शिकविले; भागवताचे अठरा हजार श्लोक तिने मुखोद्गत केले ते याच भ्रमंतीत.

मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरली रमाबाई व तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे चार हजार मैलांहून अधिक पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी होती आणि अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजून अंगावर वाळू ओढून घेतली, डोकी तेवढी बाहेर ठेविली, आणि अशी रात्र काढिली.

हिमालयाच्या पायथ्याकडील एका क्षेत्रातली हकीकत तर आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते, आणि ती थोडी विस्ताराने सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. तेथे एक तलाव असून त्यात सात पर्वत तरंगतात, निष्पाप मनुष्य काठावर आला म्हणजे ते त्याच्याकडे चालत येतात आणि पापी मनुष्यापुढे ते हालत नाहीत, अशी त्या तलावाची ख्याती होती. भावंडे मोठ्या आशेने तेथे गेली. पाण्यात सात टेकड्या दिसत होत्या. दोघांनी प्रार्थना केली, नमस्कार घातले, पण एकही टेकडी जागची हलेना. पाण्यात मगरी आहेत, आत जाऊ नका, असे पुजाऱ्यांनी बजाविले होते. श्रीनिवासाच्या मनात संशय आला. पहाटे कोणी नाहीसे पाहून तो पाण्यात उतरला आणि पोहत टेकड्यांपर्यंत गेला. पाहतो तो दगडमातीचे ढीग! वर झाडे लाविलेली, खाली भक्कम तराफे. यात्रेकरूने दक्षिणा चांगली दिली म्हणजे मागे दडलेली माणसे खूण मिळताच तराफा ढकलीत, आणि तो पुण्यवान ठरे. वाचकहो, या दोन पोरक्या मुलांनी अंगावरचे सुख, पोटाची भाकर, सर्व काही ज्या वाटेवर खर्चिले होते, त्या वाटेच्या टोकाशी तराफे निघाले. पुढे आयुष्यभर रमाबाई कोणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विसंबल्या नाहीत. त्या ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या मिशनरी स्नेह्यांसही याचा अनुभव आला.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. यापुढील चार वर्षांची कथा आम्ही थोडक्यात सांगतो. १८८० साली भाऊ ढाक्यास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या आसामातील सिलचर येथे राहावयास गेल्या. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले. सिलचरच्या त्याच घरात, पतीच्या पुस्तकांमध्ये, बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची प्रत त्यांच्या हाती लागली होती.

मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि विलायतेस जाण्याचे ठरविले. वैद्यकी शिकावी हा मूळ हेतू होता.

आज आमच्या मंडळ्यांतील मुले लोहगावच्या विमानतळावर विमानात बसतात आणि आईने बांधून दिलेली भाकरी शिळी होण्याच्या आत समुद्रापलीकडे उतरतात. १८८३ साली समुद्रापलीकडे जाणे म्हणजे काय होते हे त्यांस कळावे म्हणून थोडे सांगितले पाहिजे. समुद्र ओलांडणारा जातीतून जाई. पुरुष परत आला तर प्रायश्चित्त घेऊन पंक्तीस बसण्याची वाट त्यास तरी शोधता येई. विधवेने, पदरी दोन वर्षांचे मूल घेऊन जावे, याला तर कोणते शास्त्रही नव्हते आणि कोणती रूढीही नव्हती. त्याच वर्षी, त्याच एप्रिल महिन्यात, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या. त्यांच्या पाठीशी पतीचा आग्रह तरी होता. रमाबाईंनी भाड्याचे पैसे आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण बरोबर घेतली आणि मुंबईच्या बंदरातून आगबोट धरली.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता. त्यापूर्वी आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांस कित्येक महिने लागत. आता एडन, तांबडा समुद्र, कालवा, भूमध्य समुद्र या वाटेने आगबोट चार आठवड्यांत विलायत गाठी. मे महिन्यात रमाबाई इंग्लंडात उतरल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या आश्रयास राहिल्या. परंतु या प्रवासाची किंमत लागलीच द्यावी लागली. सोबत आलेल्या आनंदीबाईंनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, त्या दुःखात रमाबाईंस धीर देणारे आपले असे कोणी नव्हते. १८८३ च्या २९ सप्टेंबरास त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ती वार्ता पुण्यास आली तेव्हा जुने स्नेही दुरावले. वैद्यकीचा बेतही फसला, कारण त्यांस ऐकू कमी येत असे. मग त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या; तेथे स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत. मुलगी भगिनींपाशी वाँटेजला, आई चेल्टनहॅमला. या ताटातुटीबद्दल रमाबाईंस दोष देणारे होते व आहेत. आम्हांस तो दोष देववत नाही. पण त्या लेकराच्या वाट्यास काय आले हे विसरणेही बरोबर नाही.

१८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियाहून बोलावणे आले. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभास यावे असे. रमाबाई फेब्रुवारीत लिव्हरपूलहून मुलीसह निघाल्या. हिवाळ्यात अटलांटिक महासागर शांत नसतो. तरी मार्चच्या आरंभी त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या, आणि ११ मार्च रोजी आनंदीबाईंस पदवी मिळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दोन महाराष्ट्रीय स्त्रिया, एक कलकत्त्याहून व एक मुंबईहून निघालेली, पृथ्वीच्या त्या अंगास भेटल्या. वर्ष पुरे होण्याच्या आत, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई पुण्यास परत येऊन क्षयाने निवर्तल्या.

रमाबाई समारंभापुरत्या गेल्या होत्या, त्या अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. येथील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले आणि हजारांनी खपले. गावोगाव व्याख्याने दिली. लहान मुलांस खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत त्या शिकल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढावी, तिचा खर्च आपण दहा वर्षे देऊ, असा त्याने करार केला.

आता घरी यावयाचे होते. आल्या वाटेने परत गेले असते तर अटलांटिक, इंग्लंड, सुएझ हा ओळखीचा मार्ग होता. पण अमेरिकेची सभा घेता घेता त्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या होत्या, आणि १८८८ च्या अखेरीस सान फ्रान्सिस्कोच्या बंदरातून त्यांनी जपानकडे जाणारी आगबोट धरली. पृथ्वीवरील सर्वांत विस्तीर्ण महासागर पुढे होता. सुमारे पाच हजार मैल नुसते पाणी, आणि योकोहामा येईपर्यंत दोन अडीच आठवडे. या वाटेत पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीचा एक संबंध दिवस हरवतो, म्हणजे रात्री सोमवार म्हणून निजावे आणि उठावे तो बुधवार. पृथ्वी गोल असल्याचा याहून सोपा पुरावा आमच्या शाळेत आम्हांस कोणी दिला नव्हता. रमाबाई जपानात काही दिवस उतरल्या, मग हाँगकाँग, आणि १८८९ च्या आरंभी मुंबई. मुंबईहून मावळतीकडे निघालेली बाई सतत मावळतीकडेच जात राहिली आणि उगवतीच्या अंगाने घरी आली. तराफ्यांच्या टेकड्या पाहणाऱ्या त्या मुलीने साऱ्या पृथ्वीस वळसा घातला होता. अमेरिकेचे वर्णन त्यांनी मराठीत लिहून त्याच वर्षी छापविले.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानास तीन वर्षे झाली त्याच तारखेस, मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे १८९३ साली मोठा वाद माजला. सदनातील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत आहे असे दिसल्यावर सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती आम्हांस समजते. बाईंनी कोणावर जबरदस्ती केली नाही, पण आपली प्रार्थना दाराआड लपवूनही ठेविली नाही.

बोस्टनचा करार दहाच वर्षांचा, हे बाई विसरल्या नव्हत्या. तो संपल्यावर निदान फळबागेचे उत्पन्न हाती असावे म्हणून त्यांनी केडगावी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरानच ते, आमच्या भागातील माळ कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. विहिरी खणल्या, झाडे लाविली. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्यांनी लहानपणी दुष्काळात आईबाप गमाविले त्या रमाबाईंच्याने घरी बसवेना. त्या आगगाडीने मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाची साथ. शहरात नवी माणसे आणण्यास मनाई. तेव्हा त्या मुलींस केडगावच्या शेतात, झोपड्यांत व मांडवांत उतरविले. मुक्तीची सुरुवात अशी झाली.

१८९८ साली करार पुरा होताच त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. मागे केडगावी शेकडो मुली, त्यांचा भार सुंदराबाई पवार व मिनी एब्रम्स यांजवर. अमेरिकेतील मंडळाने मदत पुढे चालू ठेविली, आणि त्याच वर्षी बाई इंग्लंडवरून परत आल्या. त्यानंतर त्यांनी समुद्र पाहिला नाही असे म्हटले तरी चालेल. उरलेली चोवीस वर्षे त्या केडगावीच होत्या. आता प्रवास करणारे दुसरेच होते. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथून मुलींचे तांडे गाडीने केडगावच्या स्टेशनावर उतरले, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या जेवणासाठी, पाण्यासाठी, शाळेसाठी, विणकामासाठी व छापखान्यासाठी काय काय करावे लागले असेल याचा हिशेब आमच्या वाचक भगिनीच चांगला करतील, कारण घरी दहा पाहुणे आले की काय होते ते त्यांस ठाऊक आहे.

शेवटची वाट घरबसल्याच होती, तरी लांबची. रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. शास्त्री-पंडितांची भाषा त्यांस लहानपणापासून येत होती. पण खेड्यातील बायांस वाचता येईल अशी भाषा त्यांस हवी होती. खिळे जुळविणे व छापणे हे काम मुक्तीतील मुलींनीच केले. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. जिला पेटाऱ्यात नव्हे पण कडेवर घेऊन बाईंनी समुद्र ओलांडला होता, जी पुढे मुक्तीचा भार उचलील अशी आशा होती, ती चाळिसाव्या वर्षी गेली. बाईंनी हातातील काम टाकिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडला, आणि केडगावच्या स्टेशनावरून गावोगाव गेला.