ग्रेस हॉपर : वहीतून यंत्राकडे



आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, तो आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, आम्हाला ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ समजावले. प्रोग्रामच्या एका भागाला दुसरा लागला तर त्याने तो स्वतः घडवायचा नाही. ‘ॲनोटेशन’ नावाची खूण करून ठेवायची, भाग बाहेरून पुरवला जातो. जावा भाषेत अशा खुणा २००४ पासून आहेत. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेलो, अर्धे समजले. उरलेले ग्रेस हॉपर आठवल्या तेव्हा समजले.

या बाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. सातव्या वर्षी त्यांनी घरातली गजराची घड्याळे खोलून पाहिली. १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली, व्हॅसर कॉलेजात शिकवले. महायुद्धात नौदलात जायचे ठरवले, तर वय जास्त आणि वजन कमी! विशेष सवलत घेऊन १९४३ च्या अखेरीस त्या भरती झाल्याच. १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क वन’ यंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

तिथे उपयोगी ठरलेली गणिते सर्वजण वहीत उतरवून ठेवीत आणि नव्या प्रोग्राममध्ये हाताने नकलून घेत. नकलताना चुका होत. (आमच्या मुलांच्या वह्या तपासताना हे आम्हाला चांगलेच पटते.) १९५२ साली हॉपरबाईंनी ‘ए-झिरो’ तयार केले. प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक मांडायचा, यंत्र चुंबकीय फितीवरून तुकडा शोधून जागच्या जागी बसवी. आजच्या पद्धतीत भाग बहुधा प्रोग्राम सुरू होताना पुरवतात, तेव्हा दोन्ही एकच नव्हेत. पण लागेल ते मागावे, स्वतः नकलू नये, हा विचार तोच.

यंत्र आकडेमोडीपलीकडे काही करील हे लोकांना बरीच वर्षे पटेना. बाई मागे हटल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली आणि १९५९ पासून घडलेल्या ‘कोबोल’ने तिच्यातून पुष्कळ घेतले. यंत्रातला किडा आणि ‘बग’ हा शब्द मात्र उगीच त्यांच्या नावावर छापतात. शब्द जुनाच होता.

नौदलाने १९६६ साली निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी परत बोलावले. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

व्याख्यानाला जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे नेऊन वाटीत. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त तेवढेच अंतर कापतो. तशी एक तार विज्ञान कक्षात टांगली आहे, लहान वर्गांनी मधल्या सुट्टीत येऊन पाहावी.