महर्षी धोंडो केशव कर्वे

गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज घेतले. मी महर्षी कर्वे घेतले. कामून घेतले ते पुढं कळेल.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या गावी झाला. शेरवली हे त्यांचं आजोळ. त्यांचं स्वतःचं गाव मुरुड, रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राच्या काठी. वडिलांचं नाव केशवपंत व आईचं नाव लक्ष्मीबाई. घरची गरिबी होती. धोंडो अंगानं लहानखुरा आणि फार लाजाळू होता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याला भीती वाटायची. (मलापण वाटते.)

तेव्हा मराठी सहावीची मोठी परीक्षा असायची. मुरुडला ती होत नव्हती. सन १८७५ मध्ये त्या परीक्षेला मुंबईला बोटीनं जायचं ठरलं. पण पावसाळ्यामुळं समुद्र खवळलेला होता, बोट मिळेना. मग धोंडो आणि त्याच्यासोबतची मुलं पायीच साताऱ्याला निघाली. मुरुडहून सातारा शंभर मैलांच्या वर आहे. गुरुजींनी सांगितलं की हिंगोलीहून नांदेडला जाऊन परत यायचं जवळजवळ तेवढं अंतर होतं. मधे कुंभार्ली घाट, वरून पाऊस आणि खाली चिखल. परीक्षेचा दिवस जवळ आलेला, म्हणून थांबून चालणार नव्हतं. आमच्या औंढ्याच्या डोंगरात पावसाळ्यात सरपणाला गेलं तरी पाय घसरतात, मग सह्याद्रीचा घाट कसा असेल!

ते वेळेवर पोचले. पण साहेबांनी धोंडोकडं पाहिलं आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत आणि हा मुलगा तेवढा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं तर त्याला सतरा पूर्ण झाली होती. एवढं चालून आला आणि दारातूनच परत! मी असते तर तिथंच बसून रडले असते. धोंडो परत गावी आला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

मग त्यांचं शिक्षण हळूहळूच झालं. इंग्रजी शाळेत ते आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसले. मॅट्रिक झाले तेव्हा २३ वर्षांचे होते. मुंबईत मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला. १८८४ मध्ये ते गणित घेऊन बी. ए. झाले व १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या.

त्या काळी फार लहानपणी लग्नं व्हायची. नवरा मेला की मुलगी विधवा, मग ती आठ वर्षांची का असेना. तिचे केस काढायचे, तिनं चांगलं खायचं नाही, शिकायचं तर नावच नाही. कर्व्यांच्या एका मित्राची बहीण गोदूबाई अशीच बालविधवा होती. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. ते आईच्या घरी राहिले तर आईलाही वाळीत टाकू, असं ठरवलं. स्वतःच्या आईकडं जायची चोरी! मला ही गोष्ट सगळ्यात वाईट वाटली.

सगळ्या विधवांची लग्नं लावून देणं काही एका माणसाच्यानं होणार नव्हतं. पण शिकवता तर येईल. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. सुरुवातीला थोड्याच मुली होत्या. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा आश्रम गावाबाहेर हिंगणे इथं नेला. १९०० मध्ये तिथं एक झोपडी बांधली, तिला ५०० रुपये लागले. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे. अंतर सुमारे चार मैल, वाट कच्ची, पावसाळ्यात नुसता चिखल. सकाळी परत पुण्याला पायी. असं त्यांनी एकदोन दिवस नाही, कित्येक दिवस केलं. सुट्टीत घरोघर फिरून वर्गणी गोळा करायचे. कोणी कमी दिलं तरी घ्यायचे.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या मोठेपणी, मूल झाल्यावर, शिकायला लागल्या. पुढं त्या आश्रमासाठी वर्गणी जमवत अमेरिकेपर्यंत गेल्या. हे मी आजीला सांगितलं. आजीला वाचता येत नाही. आता तिला सगळं नाव नाही, पण पहिली तीन अक्षरं पाटीवर काढता येतात.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा त्यात फक्त पाच विद्यार्थिनी होत्या. आमच्या चौथीच्या वर्गातपण याच्यापेक्षा जास्त मुली आहेत! आज त्या विद्यापीठाला एस. एन. डी. टी. म्हणतात.

आता ज्यासाठी मी कर्वे घेतले ते सांगते. १९३६ मध्ये ते ७८ वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यात शाळाच नाही तिथं शाळा काढायची, म्हणून हा म्हातारा माणूस पुन्हा दारोदार फिरून पैसे मागू लागला. अशा चाळीसएक शाळा निघाल्या. तेव्हा आपली हिंगोली परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होती. १९५८ मध्ये ते शंभर वर्षांचे झाले, त्या वर्षी सरकारनं त्यांना भारतरत्न दिलं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. वय १०४ होतं.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावाला जावं लागतं, मधे ओढा आहे. मला पाठवायचं का नाही हे घरी अजून ठरलेलं नाही. बाबा म्हणतात, लई लांब आहे, पावसाळ्यात लेकरू कसं जाईल. मागच्या रविवारी मी आणि आजी त्या शाळेपर्यंत चालत गेलो. शंभर पावलं झाली की मी एक चिंचोका खिशात टाकायची. शाळेच्या फाटकापाशी मोजले तर ६३ भरले. आजी दोनदा बसली, मी नाही बसले. ओढ्याला वरच्या अंगाला दगडांची वाट आहे, ती आजीला माहीत होती. फार पूर आला तर मात्र त्या दिवशी घरीच राहावं लागेल.

आज बाबा आणि आजी दोघंही शाळेत येणार आहेत. आजीला मी इथं उभं राहून हे वाचून दाखवणार आहे, आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचणार आहे. चिंचोके दप्तरात आहेत.

(इयत्ता ४ थी)